झोपाळू पांडाची प्रगती

"पुढे जाण्यासाठी तुमच्या पालकांची परवानगी लागेल," असं शाळेच्या संगणकाने चौथी 'ब'च्या बाईंना मंगळवारी दुपारी सांगितलं, तेव्हा बाईंना छप्पन्न वर्षं पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. वाक्य जागचं हललं नव्हतं. त्याच्या शेजारी एक पिवळं अस्वल उभं राहून बाईंना हात करत होतं.

"कॉम्प्युटर सर! हे अस्वल माझ्याकडे आईवडलांची चिठ्ठी मागतंय."

कॉम्प्युटर सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाखाली शिरून वायरींचा गुंता सोडवत होते. तिथूनच ओरडले, "द्या ना बाई, फुकटच आहे!"

सरांचं सगळ्याला हेच उत्तर असे. खरं तर या फुकटानेच बाईंच्या डोक्याला ताप दिला होता. सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं होतं, "शनिवारी संस्थेचे अध्यक्ष येताहेत. त्यांनी कुठेतरी डिजिटल गोष्टींचं प्रदर्शन पाहिलंय. आता आपल्याकडेही गोष्टी पडद्यावर दिसल्या पाहिजेत. गोष्टीचा तास तुमचा आहे ना बाई? मग तुम्हीच दाखवा. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, तो तास सरांना देऊ. टायपिंगचा सराव तरी होईल."

शनिवारचा शेवटचा तास बावीस वर्षं बाईंचा होता. बाकी सगळं त्यांना वरून ठरवून मिळायचं: पुस्तकं, वेळापत्रक, परीक्षा, अगदी फळ्यावर तारीख कुठल्या कोपऱ्यात लिहायची तेसुद्धा. तो एक तास तेवढा त्यांचा स्वतःचा होता. आणि तो टायपिंगला द्यायचा? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जमेल," असं त्या म्हणाल्या आणि म्हटल्यावर त्यांना कळलं की नक्की काय जमवायचं आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

सरांनी नऊ फुकट साधनांची यादी दिली. पहिलं साधन पाचव्या पानानंतर गोष्ट बंद करायचं. दुसरं गोष्टीतल्या प्रत्येकाच्या पोटावर आपला शिक्का उमटवायचं. तिसऱ्यात फुकट पात्रं तीनच मिळत होती: एक बंबवाला, एक नवरी आणि एक ऑक्टोपस.

"माझी गोष्ट घड्याळाच्या काट्याची आहे," बाई म्हणाल्या होत्या. "तिच्यात नवरी कुठे बसवू? आणि ऑक्टोपसला किती वाजलेत याच्याशी काय करायचंय?"

म्हणून चौथं, हे अस्वलाचं. यात काटा होता, घड्याळ होतं, आणि वर 'कायमचं मोफत' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पहिलाच प्रश्न होता, 'तुम्ही कोण? शिकणारे की शिकवणारे?' बाई स्वभावाने प्रामाणिक. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, आपण शिकायलाच बसलोय, असा सरळ विचार करून त्यांनी 'शिकणारे' दाबलं. मग जन्माचं वर्ष विचारलं. यादी पंधरा वर्षांपूर्वी जाऊन थांबत होती. बाईंनी बोट दुखेपर्यंत ती खाली ओढली, पण त्यांचं साल काही आलं नाही. नाइलाजाने त्यांनी शेवटचं साल निवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कागदपत्रात वय चोरलं आणि त्याची शिक्षा म्हणून पालक दाखल करावा लागला.

बाईंचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईंनी जरा विचार केला आणि नवऱ्याचा ईमेलचा पत्ता टाकला.

वर्गाच्या चौकोनात त्यांनी 'चौथी ब' लिहिलं, पण नाव लिहायला जागाच नव्हती. मुलांची खरी नावं नकोत म्हणून ते साधन स्वतःच बारसं करायचं. पडद्यावर रंगीत कागद उडाले आणि अस्वलाने घोषणा केली, 'स्वागत, झोपाळू पांडा!'

"झोपाळू?" बाई खुर्चीतून उठल्या. "पहाटे पाचला उठते मी!"

बाईंचा नवरा पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झाला होता. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्याचा तीस वर्षांचा नेम निवृत्तीनंतरही सुटला नव्हता. परवानगीचं पत्र त्याने दोनदा वाचलं, सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि मगच तो जेवायला बसला. बाईंनी त्याच संध्याकाळी गोष्ट चढवली. बावीस वर्षांत घासूनपुसून लखलखीत झालेली 'गर्विष्ठ काटा', पूर्ण अकरा पानं. पहिल्या दोन पानांत नगराचं वर्णन, शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य: वेळेचे महत्त्व. 'गोष्ट शिक्षकांच्या मान्यतेसाठी पाठवली आहे,' असं अस्वल म्हणालं. शिक्षक म्हणजे सरच असणार, असं बाईंनी धरलं आणि त्या निश्चिंत झाल्या.

बुधवारी गोष्ट परत आली. खाली लाल अक्षरांत शेरा होता: 'मुद्द्यावर या. काटा तिसऱ्या पानावर येतो. पुन्हा लिहा.'

बाई तडक सरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "काल कॉलेजातून बाहेर पडलात आणि मला मुद्द्यावर यायला सांगता?"

"मी?" सरांचा चेहरा पडला. "शपथ घेऊन सांगतो बाई, मी तुमची गोष्ट उघडलीसुद्धा नाही."

"मग हे कोणी लिहिलं? अस्वलाने?"

सरांनी बटणं दाबली. 'वर्ग: चौथी ब. शिक्षक: चतुर ससा.' सरांनी डोकं खाजवलं. "कुणीतरी तुमच्याआधीच वर्ग उघडलाय. फुकट योजनेत वर्गाला एकच शिक्षक असतो आणि एकदा नेमला की बदलता येत नाही."

"माझ्या नोकरीपेक्षा पक्की दिसतेय सशाची!"

"वर्ग बंद करता येतो, पण त्याला तीस दिवस लागतात."

तीस दिवस! मध्ये शनिवार उभा होता. बाईंनी रागारागाने नगराचं वर्णन दोन पानांवरून एका पानावर आणलं आणि गोष्ट पुन्हा पाठवली.

संध्याकाळी घरी आल्या तर नवरा मोबाइल हातात धरून दारातच उभा.

"अगं, तुझ्याबद्दल पत्र आलंय. ऐक. 'आपले पाल्य झोपाळू पांडा यांची गोष्ट शिक्षकांनी परत केली आहे. पाल्याला न रागावता घरी प्रोत्साहन द्यावे.'" त्याने मोबाइल खाली केला. "तर मग, देऊ का प्रोत्साहन?"

"अहो, आधी बाजूला व्हा. मला आत येऊ द्या."

"न रागावता, असं लिहिलंय."

"ते तुम्हाला लिहिलंय! मला नाही!"

गुरुवारी गोष्ट पुन्हा परत आली. 'सुधारणा आहे. पण तात्पर्य गोष्टीत आलेच पाहिजे, वेगळे सांगावे लागू नये. नगर अजून लांबते.' हा शेरा वाचताना बाईंना काहीतरी ओळखीचं वाटलं. त्यांनी तपासायला ठेवलेला वह्यांचा गठ्ठा ओढला आणि वरचीच वही उघडली. 'मुद्द्यावर या.' दुसरी उघडली. 'पुन्हा लिहा.' तिसरीत, 'सुधारणा आहे. पण.' सगळे शेरे लाल शाईत आणि सगळे त्यांच्याच अक्षरात.

त्या उठून वर्गात गेल्या. "चतुर ससा कोण आहे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकोणचाळीस माना एकाच वेळी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे प्रश्नपेटी बसली होती. हे नाव तिला बाईंनीच पहिल्या आठवड्यात दिलं होतं, कारण शंका असेल तर विचारा असं म्हटल्यावर खरोखरच विचारणारी ती एकटी होती. सगळ्यांत जास्त लाल शाई खाणारी वहीही तिचीच. 'माझी शाळा' हा निबंध तिने तीनदा लिहिला होता आणि बाईंनी तीनदा परत केला होता, कारण त्यात शाळा नव्हतीच. जिन्याची एक पायरी होती, पाय दिला की कुरकुरणारी. चार पानं नुसती पायरी. बाईंनी पहिल्या पानावरच 'विषयाला सोडून' असं लिहून आडवी रेघ मारली होती.

प्रश्नपेटी उभी राहिली. "मी आहे बाई."

"तू शिक्षक कशी झालीस?"

"कॉम्प्युटरच्या तासाला मी आधी शिकणारे दाबलं होतं. पण ते म्हणालं, आईला विचार. आई दवाखान्यात ड्यूटीवर असते, तिथे तिला फोन घेता येत नाही. मग मी शिकवणारे दाबलं." तिने जरा थांबून सांगितलं, "शिकवणाऱ्यांना काहीच विचारत नाहीत बाई."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी नजर फिरवली तसं तेही थांबलं.

"आणि झोपाळू पांडा कोण आहे हे तुला माहीत होतं?"

"काट्याची गोष्ट वाचल्यावर कळलं. ती तुम्ही आम्हाला तीनदा सांगितलीय."

"बरं. मग आता असं कर, मान्य दाब. शनिवारी साहेब यायचेत."

प्रश्नपेटीने खाली पाहिलं, वर पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला, पण ती बोललीच. "तशीच मान्य करू? पण बाई, तुम्हीच म्हणता ना, ओळखीचं माणूस आहे म्हणून मार्क द्यायचे नसतात. तुम्ही तुमच्या भाच्यालासुद्धा दिले नव्हते."

हे खरं होतं. भाचा दोन मार्कांनी नापास झाला होता आणि बाईंच्या बहिणीने दीड वर्ष अबोला धरला होता. ही हकिकत बाई दरवर्षी परीक्षेच्या आधी वर्गाला अभिमानाने सांगत असत. आता ती अशी नाकावर टिच्चून आपल्याच अंगावर येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, लहान पोर आहे. हात धरून दाबायला लावा बटण, झालं."

"बावीस वर्षांत मी कुणाला फुकट पास केलेलं नाही," बाई कडाडल्या. "आता स्वतःला करून घेऊ?"

"मग तुमचा तास गेला म्हणून समजा."

"जाऊ दे गेला तर! पण नापास होऊन जाईल, वशिल्याने राहणार नाही!"

बोलून तर गेल्या, पण जिना उतरताना गोष्टीच्या तासाशिवायचा शनिवार त्यांना डोळ्यांपुढे आणताच येईना. त्यांनी तात्पर्याची चौकट काढली, नगर अर्ध्या पानावर आणलं आणि तिसऱ्यांदा पाठवली.

शुक्रवारी सकाळी तिसरा शेरा आला. 'मेहनत दिसते. पण काटा का थांबला ते कळत नाही. गर्विष्ठ होता म्हणून, असे नुसते लिहून चालणार नाही.' आणि तीन वेळा गोष्ट परत गेली की ते साधन आपणहून एक पत्र पाठवायचं. ते थेट घरी गेलं: 'पाल्याच्या प्रगतीविषयी बोलण्यासाठी शनिवारी सकाळी दहा वाजता पालकांनी शाळेत भेटावे.' खाली 'येणार' असं बटण होतं. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे. नवऱ्याने ते दाबलं.

बाईंना याचा पत्ता नव्हता. त्या तिसऱ्या शेऱ्यापाशीच अडकल्या होत्या. का थांबला म्हणजे? गोष्टीत आहे म्हणून थांबला! बावीस वर्षं तो गर्विष्ठ म्हणून थांबत आला, कुणाची तक्रार नाही, आणि ही चिमुरडी विचारते, का थांबला? दुपारी सगळा वर्ग मैदानावर गेल्यावर बाई एकट्याच संगणकापुढे बसल्या. राग नुसता डोक्यात घण घालत होता. तासाला गोल फिरायचं, दिवसभर फिरायचं, आणि लोक पाहणार कुणाकडे? त्या बुटक्या तासकाट्याकडे! त्याने दिवसाकाठी दोन फेऱ्या मारल्या की किती वाजले ते त्याला विचारणार. आणि आपण चोवीस फेऱ्या मारायच्या आणि वर आपल्यालाच सांगणार, तू मागे पडलास, तुला नवीन काही जमत नाही!

बाईंनी जुनी गोष्ट अख्खी पुसून टाकली आणि लिहिलं, 'बारा वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा मोठा काटा म्हणाला, मी नाही जात.'

त्यापुढे बोटं आपोआप चालली. घंटा झाली तेव्हा सहा पानं झाली होती, काटा अजून तिथेच उभा होता आणि शेवट सुचला नव्हता. बाईंनी ती तशीच पाठवून दिली. तोवर प्रश्नपेटी घरी गेली होती.

शनिवारी दहा वाजता सभागृहात अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले. सरांनी पडदा लावला, अस्वलाने अध्यक्षांना हात केला. मान्यता नसल्यामुळे गोष्ट उघडेना.

"काय अडचण आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"शिक्षकांनी अजून तपासली नाही, साहेब," सर म्हणाले.

अध्यक्षांनी बाईंकडे बोट केलं. "शिक्षक तर समोर उभ्या आहेत!"

"त्या पांडा आहेत," सर म्हणाले, आणि मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

इतक्यात सभागृहाचं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात पत्राची छापील प्रत घेतलेला बाईंचा नवरा आत आला. "माफ करा. झोपाळू पांडाचा पालक मी. दहाची भेट होती. चतुर ससा कुठे भेटतील?"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अहो, तुम्ही इथे कशाला?"

"बोलावलं होतं. उत्तर दिलं होतं मी."

अध्यक्ष आता खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. प्रश्नपेटी उठली, पुढे आली आणि संगणकापुढच्या खुर्चीवर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "आधी गोष्ट तपासते," ती पालकांना म्हणाली. "मग बोलू. बसा." बाईंचा नवरा मुकाट्याने बसला.

तिने गोष्ट उघडली, तशी ती पडद्यावरही उघडली. प्रश्नपेटी मोठ्याने वाचू लागली. 'मी नाही जात,' असं काटा म्हणाला आणि पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. तासकाटा म्हणाला, 'अरे, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे,' आणि मोठा काटा म्हणाला, 'तुला काय जातंय सांगायला, तू शेवटचा हललास कधी?' सगळा वर्ग खिदळला. मग शाळा सुटेना, दुकानं बंद होईनात, लग्नाला उभी राहिलेली एक नवरी पाच मिनिटं शिल्लक म्हणून तशीच उभी राहिली, आणि घड्याळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने शिडीवर चढून हळूच काट्याच्या कानात विचारलं, 'दमलास का रे?' काट्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. प्रश्नपेटीने सहावं पान संपवलं. पुढे पान नव्हतं.

ती मान वळवून म्हणाली, "बाई, पुढे काय झालं?"

ही गोष्ट बाईंनी बावीस वर्षं सांगितली होती. ती संपल्यावर आजपर्यंत मुलांनी एकच प्रश्न विचारला होता: 'तात्पर्य लिहून घ्यायचं का?' बाईंनी चष्मा काढला. "माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मलाही अजून माहीत नाही."

"मग पुढच्या शनिवारी सांगाल?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "म्हणजे, सांगायलाच हवी. तो वर शिडीवर आहे अजून." मोठ्या बाईंनी घाईघाईने वहीत टिपून घेतलं: शनिवार, शेवटचा तास, गोष्ट, बाई. प्रश्नपेटीने 'मान्य' दाबलं. पडद्यावर रंगीत कागद उडाले. मग ती खुर्चीवरून उतरून बाईंच्या नवऱ्यापुढे गेली. "प्रगती चांगली आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "पण लगेच रागावतात. आणि घरी कुणीतरी त्यांची गोष्ट ऐकायला पाहिजे."

"मला कधी सांगतच नाही ती," नवरा म्हणाला. त्याने खिशातून पेन काढलं. "सही कुठे करू?"

सोमवारी बाई वह्या घेऊन बसल्या. पोरीने भर सभेत त्यांच्या रागाची तक्रार केली होती आणि ती काही त्या विसरल्या नव्हत्या. तिची वही त्यांनी मुद्दाम वर घेतली. 'माझी शाळा', पहिल्या पानावर त्यांचीच आडवी लाल रेघ. बाईंनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. ती पायरी मुलांना ओळखायची. उशिरा येणाऱ्याच्या पायाखाली मुद्दाम जोरात कुरकुरायची. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर लिहिलं होतं, 'रविवारी शाळेत कुणी नसतं तेव्हा ती पायरी.' तिथे पान संपलं होतं.

बाईंनी पुढचं पान पाहिलं. ते कोरं होतं. त्यांनी वही उलटी करून मागची पानंही चाळली.

मग लाल पेनाचं टोपण काढून त्यांनी तो निबंध चौथ्यांदा परत केला. शेरा लिहिला, 'पुढे काय झालं? उद्याच्या उद्या लिहून आण.' आणि खाली, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये इतक्या बारीक अक्षरात, सही केली: झोपाळू पांडा.